ओहायोची बंदूक, कोलोरॅडोचा नियम: हरणासाठी ठासणीची गोळी आणि दारू ठरवताना

ओहायोतून कोलोरॅडोत राहायला आलेला एक शिकारी इथे धरला आहे. त्याच्याकडे पन्नास कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच भोकाची, इनलाइन ठासणीची बंदूक आहे. ठासणीची म्हणजे दारू आणि गोळी तोंडाकडून भरायची; इनलाइन म्हणजे पेटवणारा प्रायमर नळीच्या रेषेतच मागे. नळी २६ इंची, पीळ (गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या आट्यांचं वळण) २८ इंचांत एक फेरा, मागे काढता येणारा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, पेटवायला २०९ नंबरचा शॉटगन प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी. ओहायोत तिच्यावर दुर्बीण होती. आत दारूच्या दोन पेलेट जायच्या, म्हणजे ५०-५० ग्रेनच्या दाबून केलेल्या वड्या (साधारण १५ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम), आणि त्यांवर सॅबोत, म्हणजे प्लॅस्टिकच्या बाहीत, बसवलेली २५० ग्रेनची गोळी. १०० यार्डांवर तीन गोळ्या दोन इंचांत पडायच्या. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी याहून जास्त काही लागत नव्हतं.

कोलोरॅडोत त्याला सोडतीत म्यूल डिअरचा ठासणीच्या हंगामाचा परवाना लागला. हंगाम सप्टेंबरमधला, नऊ दिवसांचा. नियमपुस्तिका उघडली आणि त्याची जवळजवळ सगळी मांडणी बाद झाली. या हंगामात सॅबो चालत नाही. पेलेट चालत नाहीत, दारू सुटीच हवी. दुर्बीण चालत नाही, नळीच्या पुढच्या टोकाची उघडी माशी आणि मागची खाच यांवरच नेम धरायचा. त्यात चमकणारा फायबर असला तर हरकत नाही. बिनधुराची आधुनिक दारू वर्ज्य. गोळी एकच, गोल किंवा लांबट. लांबट असेल तर तिची लांबी व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको. हरणासाठी किमान ४० कॅलिबर, एल्क या मोठ्या जातीसाठी ५०. पन्नास कॅलिबरपर्यंतच्या गोळीचं वजन हरणासाठी १७० ग्रेन तरी हवं. इनलाइन बंदूक आणि २०९ प्रायमर मात्र चालतात. म्हणजे बंदूक तीच राहिली, पण आतला माल आणि वरची नजर दोन्ही बदलायची. नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते, तेव्हा चालू वर्षाचीच वाचावी.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत, आणि गज, केप, माशी, बार हे शब्द तिथे रोजच्या बोलण्यातले आहेत. पण चितळ, सांबर, भेकर यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. खालचा सगळा मजकूर अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरता आहे.

ग्रुपचे, म्हणजे ओळीने झाडलेल्या गोळ्या किती इंचांत पडल्या त्याचे, जे आकडे पुढे येतात, ते अशा नळीत नेहमी दिसतात त्या मर्यादेतले आहेत. दुसऱ्या नळीत आकडे वेगळे येतील, क्रम बहुधा हाच राहील.

पहिला दिवस: सगळं बिघडतं

शिकाऱ्याने सर्वांत सरळ वाटणारा बदल केला. पेलेटचे १०० ग्रेन होते, म्हणून ट्रिपल सेव्हन या सुट्या दारूचे (एफएफजी आकाराचा दाणा) १०० ग्रेन मापाने घातले. सॅबो नको, म्हणून मऊ शिशाची, पोकळ बुडाची, नळीभर बसणारी ३८५ ग्रेनची लांबट गोळी घेतली. ५० यार्डांवर तीन बार काढले. गोळ्या सात इंचांत विखुरल्या. एक भोक गोल न पडता अंडाकृती पडलं. खांद्याला धक्का जोरदार. तिसरी गोळी बसवताना ठासायचा गज अडला आणि नळीबाहेर पाव इंच जास्त राहिला.

अशा वेळी बहुतेक जण गोळीला दोष देतात आणि दुकानातून दुसरी आणतात. इथे तीन वेगळी कारणं एकत्र आली होती आणि प्रत्येकाची खूण वेगळी होती.

पहिलं कारण दारूचा जोर. ट्रिपल सेव्हन हा काळ्या दारूला पर्याय म्हणून बनवलेला पदार्थ आहे, पण तो काळ्या दारूइतकाच जोरकस नाही, जास्त आहे. काळ्या दारूइतका वेग हवा असेल तर माप १५ टक्के कमी करा, असं उत्पादकच सांगतो. त्या हिशेबाने मापाचे १०० ग्रेन म्हणजे काळ्या दारूचे जवळजवळ ११८. पोकळ बुडाच्या मऊ गोळीला एवढा जोर सोसत नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना बुडाचा पातळ घेर फुलतो, कधी एका बाजूने जास्त, आणि गोळी डुलत जाते. अंडाकृती भोक ही तीच डुलणारी गोळी.

दुसरं कारण कीट, म्हणजे जळलेल्या दारूचा नळीत बसणारा मळ. ट्रिपल सेव्हन जळल्यावर दारू आणि गोळी जिथे भेटतात त्याच्या जरा पुढे नळीत कठीण कड्यासारखा थर बसतो. पुढची गोळी त्या कड्यावर अडते. ती पूर्ण खाली गेली नाही तर दारू आणि गोळीत पोकळी राहते, आणि ती सगळ्यांत धोक्याची. त्या पोकळीमुळे दाब एकाच जागी उसळतो, नळी तिथे कड्यासारखी फुगते, आणि वाईट वेळ आली तर फुटते. गज पाव इंच जास्त बाहेर दिसला तेव्हाच थांबायला हवं होतं. त्याला ते कळलं, कारण गजावर खूण होती. खूण नसती तर कळलं नसतं.

तिसरं कारण नजर. फायबरच्या माशीचा ठिपका ०.०८ इंच व्यासाचा होता. डोळ्यापासून माशी साधारण ३६ इंचांवर असते. १०० यार्ड म्हणजे ३,६०० इंच, म्हणजे शंभरपट. तेव्हा तो ठिपका १०० यार्डांवर आठ इंच जागा झाकतो, ५० यार्डांवर चार. चार इंच झाकणाऱ्या ठिपक्याने दुर्बिणीसारखा ग्रुप मागणं चूक आहे. सात इंचांतले इंच-दीड इंच नुसत्या नजरेचे होते.

गोळी निवडताना

बंदुकीपुढे चार पर्याय होते. ते नळीच्या पिळाशी ताडून पाहिले.

गोल गोळी सर्वांत जुनी आणि साधी. पन्नास कॅलिबरला ०.४९० इंचाची गोळी कापडाच्या चिंधीत बसवतात. ती चिंधी सॅबोत मोजली जात नाही, त्यामुळे नियमात अडचण नाही. वजन १७७ ग्रेन, म्हणजे १७० ची अट जेमतेम पार. पण गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, ६० ते ७२ इंचांत एक फेरा. २८ इंचांच्या पिळात दारू जास्त झाली की चिंधी आट्यांवरून घसरते आणि गोळी गिरकी न घेता जाते. दारू ६० ग्रेनपर्यंत खाली आणली तर ती नीट जाते, मात्र १०० यार्डांवर तिच्यात साडेतीनशे फूट-पौंडांच्या आसपास जोर उरतो. जवळच्या झाडीतल्या हरणाला तो चालेल; उघड्या डोंगरउतारावर या नळीसाठी ती निवड चुकीची.

लांबट गोळीचं गणित उलटं. १८७९ मध्ये ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाने एक सोपं सूत्र दिलं, ते शिशाच्या संथ गोळ्यांना आजही लागू पडतं: गोळीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले १५०, भागिले लांबी. अर्धा इंच व्यास आणि नियमात बसणारी कमाल एक इंच लांबी धरली तर पीळ येतो साडेसदतीस इंचांत एक फेरा. ०.८५ इंच लांबीच्या गोळीला ४४ इंच पुरतात. आपल्या नळीचा पीळ २८ इंचांत एक, त्यामुळे कोलोरॅडोत कायदेशीर असलेली कुठलीही लांबट गोळी ही नळी स्थिर ठेवते. काळजी ४८ इंच पिळाच्या जुन्या नळीवाल्यांनी करायची, त्यांनी आखूड गोळीच घ्यावी.

तीन लांबट गोळ्या उरल्या. प्लॅस्टिकचं बूड लावलेली, वरून तांब्याचा मुलामा दिलेली २९५ ग्रेनची. मऊ शिशाची ३८५ ग्रेनची. आणि सपाट बुडाची ४६० ग्रेनची.

इथे बहुतेक चर्चा वजनावर आणि वेगावर जाते. आमच्या मते पहिला प्रश्न हा की गोळी या नळीत कशी बसते. पन्नास कॅलिबर लिहिलेल्या सगळ्या नळ्या आतून सारख्या नसतात. एक-दोन हजारांश इंचाचा फरक नेहमीचा, कधी त्याहून जास्त. मऊ गोळीला तेवढाच फरक निर्णायक ठरतो.

चाचणी अशी करावी. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून ब्रीच प्लग काढा. दारू अजिबात नाही. गोळी तोंडातून अंगठ्याने दाबा, मग शॉर्ट स्टार्टरने, म्हणजे मुठीच्या आखूड गजाने, सहा इंच आत ढकला. नळीचं तोंड खाली करून दस्त्यावर हाताच्या तळव्याने दहा-बारा थापा मारा. गोळी आपल्या वजनाने सरकली तर ती बाद. डोंगर चढताना बंदूक खांद्यावर उलटी-सुलटी होते, गोळी दारूपासून सुटते आणि मघाचीच पोकळी तयार होते. गोळी हलली नाही तर लांब गजाने मागच्या बाजूने बाहेर काढा आणि भिंगाखाली पाहा. आट्यांच्या खुणा चारी बाजूंनी सारख्या उमटल्या असतील तर गोळी नळीला धरून आहे. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट खुणा असतील तर ती तिरकी सुरू झाली आहे; स्टार्टरचं टोक गोळीच्या नाकाला जुळतं का ते पाहावं.

या नळीत २९५ ची गोळी अंगठ्यानेच सरसर गेली आणि आठव्या थापेला अर्धा इंच सरकली. तिचं प्लॅस्टिकचं बूड बार उडताना फुलून नळी बंद करतं, तेव्हा ती नीट उडेलही; पण वर चढताना तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. दुसऱ्या, जरा अरुंद नळीत हीच गोळी पहिली निवड ठरू शकते.

३८५ च्या गोळीच्या खालच्या कड्या नळीत सरकतात आणि वरची कडी आट्यांत रुतते. सुरुवातीला मुठीचा एक ठाम दाब, मग गजाने एकसारखा जोर. थापांनी ती जागची हलली नाही. खुणा सारख्या.

४६० ची गोळीही घट्ट बसली. कॅलिपरने लांबी ०.९५ इंच भरली, एक इंचाच्या आत, म्हणजे कायदेशीर. पण ती जड, तिचा वेग कमी, आणि उघड्या माशीवर वेग कमी म्हणजे अंतराच्या अंदाजातली चूक महाग. एल्कच्या मागे जाणाऱ्याला ती घ्यावीशी वाटेल. हरणासाठी ३८५ ग्रेन भरपूर झाले; ते २५ ग्रॅम, दोन तोळ्यांहून थोडं जास्त शिसं.

शिसं मऊच हवं, शुद्धाच्या जवळचं. बार उडताना गोळीचं बूड फुलून आट्यांत भरतं ते या मऊपणामुळे. कथील किंवा अँटिमनी घालून कठीण केलेली गोळी नळीपेक्षा जराशी लहान असली तर फुलत नाही. तिच्या बाजूने तापलेला वायू निसटतो आणि शिसं वितळवून नळीला लिंपतो. पुढच्या प्रत्येक गोळीची वाट बिघडते. नखाने ओरखडा सहज उठला तर शिसं मऊ आहे, एवढी कसोटी घरी पुरते. कॅलिफोर्नियात मात्र १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळीच चालत नाही, तिथे तांब्याची घ्यावी लागते आणि मग नळीशी जुळणं याहून नाजूक होतं.

गोळीच्या खाचांत मधमाशीचं मेण आणि चरबी यांचं मिश्रण भरतात. काम एकच, कीट मऊ ठेवणं, म्हणजे पुढची गोळी खाली जाते. १८५७ च्या उठावातल्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाला वंगण होतं ते याचसाठी. त्या चरबीचा इतिहास मराठी माणसाला सांगायला नको. त्या रायफलीचा भरणाही लक्षात ठेवण्याजोगा आहे: ५३० ग्रेनची गोळी आणि अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन काळी दारू. जड, नळीला धरून बसणाऱ्या मऊ गोळीला दारू किती कमी पुरते हे त्यातून दिसतं.

दारूचं माप

दारू मापाने मोजायची, वजनाने नाही. ग्रेन हा शब्द दोन्हीकडे वापरतात म्हणून गोंधळ होतो. ठासणीच्या बंदुकीत '८० ग्रेन' म्हणजे काळी दारू ८० ग्रेन वजनाची, सव्वापाच ग्रॅम, जेवढी जागा व्यापते तेवढी जागा. ट्रिपल सेव्हन, पायरोडेक्स, ब्लॅकहॉर्न २०९ हे काळ्या दारूचे पर्याय सगळे तिच्यापेक्षा हलके आहेत. त्याच मापात त्यांचं वजन कमी भरतं. कोणी तराजूवर ८० ग्रेन ट्रिपल सेव्हन तोलून घातली तर भरणा मापापेक्षा बराच जास्त होतो, आणि ही दारू आधीच जोरकस. तराजू वापरायचाच तर आधी मापाने भरलेले दहा भरणे तोलून आपली सरासरी काढावी आणि त्याच डब्याच्या दारूसाठी ती धरावी.

दाण्याचा आकारही भरण्याचा भाग आहे. एफएफजी हा पन्नास कॅलिबरच्या रायफलीचा दाणा. एफएफएफजी बारीक, लवकर जळतो, दाब जास्त. तो या नळीत त्याच मापाने घालायचा नाही.

ब्लॅकहॉर्न मागे कीट कमी ठेवते आणि भराभर दुसरा बार काढता येतो म्हणून आवडती आहे, पण तिला तापट प्रायमर आणि घट्ट अडून बसणारी गोळी दोन्ही लागतात. बोटाने सरकणारी गोळी तिच्यावर असेल तर दारू अर्धवट जळते आणि वेग बारागणिक बदलतो. पायरोडेक्स गोळीखाली जरा दाबून बसलेली चांगली; ट्रिपल सेव्हनला गोळी घट्ट टेकली की पुरे, वर आणखी अंग टाकून दाबू नये. इथे ट्रिपल सेव्हनच ठेवली, कारण ती पाण्याने धुतली जाते आणि तिची सवय शिकाऱ्याला होती.

मग क्रमाने चाचणी. ५० यार्ड, वाळूच्या पिशव्यांवर टेका, प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या, ७० ग्रेनपासून पाच-पाच ग्रेनने वर. वरची सीमा ९०. बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल आणि दारूच्या डब्यावरची कमाल यांतली जी कमी, ती कधीच ओलांडायची नाही. दोन बारांच्या मध्ये एक ओली चिंधी, मग दोन कोरड्या. ओली म्हणजे पिळून काढलेली. पाणी गळणारी चिंधी ब्रीच प्लगच्या छिद्रात पाणी ढकलते आणि पुढचा प्रायमर नुसताच फुटतो. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नये. आत ठिणगी राहिली असेल तर हातात फक्त एका मापाची दारू असावी, अख्खा डबा नको.

७० ग्रेनला ग्रुप सव्वादोन इंच. ७५ ला दोन. ८० ला दीड. ८५ ला पावणेदोन. ९० ला साडेतीन, आणि एक भोक पुन्हा लांबुळकं. वळण स्पष्ट आहे: ८५ च्या पुढे बूड सोसत नाही.

त्यानंतर दारू आणि गोळी यांच्यामध्ये लोकरी फेल्टची, मेणचरबी लावलेली, पाव इंचाच्या निम्म्या जाडीची चकती घातली. ती वायूचा पहिला तडाखा स्वतः घेते. ८० ला ग्रुप सव्वा इंच झाला, ९० चाही सुधारून सव्वादोनवर आला. तेव्हा ९० घ्यावे असं वाटणं साहजिक आहे. ते घेतले नाहीत. ८० वरून ९० वर गेल्याने १०० यार्डांवर जो फायदा होतो तो इंच-दीड इंच कमी घसरण एवढाच. बदल्यात धक्का वाढतो, कीट वाढतो, आणि चकती विसरली त्या दिवशी गोळी कुठे जाईल याचा नेम नाही. ८० ला चकती विसरली तरी दीड इंच मिळतो. रानात थंड बोटांनी दुसरा बार भरताना हा फरक कामाला येतो.

प्रायमरही बदलला. शॉटगनचा नेहमीचा २०९ तापट असतो; ठासणीसाठी बनवलेला सौम्य २०९ लावल्यावर नळीतलं कठीण कडं बरंच पातळ झालं, आणि न पुसता दुसरी गोळी पूर्ण खाली जाऊ लागली. तिसरी नाही. म्हणजे रानात एक बार, त्यामागे एक झटपट बार, मग पुसणं, हे ठरलं.

नेम कुठे बांधायचा

या भरण्याला तोंडाशी वेग साधारण सेकंदाला १,३५० फूट. जुन्या पेलेट-सॅबोच्या गोळीपेक्षा तो तीनशे फुटांहून जास्त कमी आहे. पण गोळी दीडपट जड आहे: तोंडाशी दीड हजार फूट-पौंडांच्या वर, १०० यार्डांवर हजाराच्या आसपास. अर्धा इंच रुंदीचं मऊ शिसं त्या वेगाला बरगड्यांतून शिरून दुसऱ्या बाजूने बहुधा बाहेर पडतं. दोन भोकं म्हणजे रक्ताचा माग, आणि या गोळीबरोबर तीच सगळ्यात मोठी मदत, कारण बार उडाल्यावर पांढऱ्या धुरात हरिण कुठे गेलं ते पहिली दोन-तीन सेकंदं दिसतच नाही.

१०० यार्डांवर नेम बांधला तर गोळी ५० वर पावणेतीन इंच वर असते, ७५ वर सव्वादोन, १२५ वर सव्वाचार खाली, आणि १५० वर दहा-अकरा इंच खाली. आडव्या उभ्या म्यूल डिअरची हृदय-फुप्फुसांची जागा आठ-दहा इंच उंच धरली तर १०० यार्डांपर्यंत छातीच्या मध्यावर माशी ठेवून बार काढता येतो. १२५ ला थोडं वर धरून जमेल, अंतर मोजलेलं असेल तर. १५० ला अंतराच्या अंदाजात पंधरा-वीस यार्ड चुकले तर हरिण जखमी होऊन जातं. या बंदुकीची हद्द १०० यार्ड ठरली, लेझरने मोजलेल्या अंतराला आणि टेकून बसल्यावर १२५. डोंगरात नऊ-दहा हजार फुटांवर हवा विरळ असते, गोळी थोडी सपाट जाते. या अंतरांत तो फरक इंचाच्या आतच राहतो, त्यासाठी खाच हलवू नये.

खाच किती हलवायची याचं गणित पाठ असावं. माशी आणि मागची खाच यांत १८ इंच आहेत. १०० यार्डांवर गोळी तीन इंच वर हवी असेल तर ३ गुणिले १८ भागिले ३,६००, म्हणजे ०.०१५ इंच. मागची खाच ज्या दिशेला नेऊ त्या दिशेला गोळी जाते. ०.०८ चा ठिपका काढून ०.०६ चा बसवला. झाकली जाणारी जागा १०० यार्डांवर आठवरून सहा इंचांवर आली, आणि १०० यार्डांचा ग्रुप पाचवरून साडेतीन-चारवर. ठिपक्याने लक्ष्य झाकण्याऐवजी ठिपक्याच्या वरच्या कडेवर लक्ष्य ठेवून नेम बांधला तर आणखी बारकाई येते, मात्र मग रानातही तसंच धरायचं.

एक बाब बहुतेकांच्या हिशेबातून सुटते. रानातला बार हा धुतलेल्या, कोरड्या, थंड नळीतला पहिला बार असतो, चांदमारीतला ग्रुप मळलेल्या नळीतला. दोन्हींची जागा एक असेलच असं नाही. म्हणून पाच वेगवेगळ्या दिवशी, स्वच्छ नळीने, एकाच कागदावर १०० यार्डांवरून एक-एकच गोळी झाडावी. खाच त्या पाच भोकांना धरून बांधायची. या नळीत पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा दोन इंच वर गेली. नळीत उरलेलं तेल हे त्यातलं मोठं कारण. भरण्यापूर्वी अल्कोहोलच्या चिंधीने तेल काढून, दोन कोरड्या चिंध्या फिरवून आणि मोकळी दिशा बघून रिकाम्या नळीत एक प्रायमर फोडल्यावर तो फरक इंचावर आला.

रानात नेताना

गजावर दोन खुणा हव्यात. एक रिकाम्या नळीची, दुसरी ८० ग्रेन, चकती आणि ३८५ च्या गोळीसह भरलेल्या नळीची. पहिली खूण सांगते की आत आधीचा भरणा नाही; विसरून दोनदा ठासणं हा या बंदुकीतला सर्वांत जुना अपघात आहे. दुसरी सांगते की गोळी पूर्ण टेकली. खूण धारदार सुरीने कोरून त्यात रंग भरावा, नुसता मार्कर तेलाने पुसला जातो.

भरणे घरीच मापून झाकणाच्या नळकांड्यांत बंद करावेत, प्रत्येकात दारू एका कप्प्यात आणि चकती-गोळी दुसऱ्यात. सप्टेंबरच्या दुपारी गाडीत तापलेलं मेण वितळून दारूत उतरतं, म्हणून नळकांडी सावलीत. पहाटे पाणी गोठतं. भरलेली बंदूक गरम तंबूत घेतली की नळीत दव धरतं आणि सकाळी बार उडत नाही किंवा उशिरा उडतो. रात्री प्रायमर काढून बंदूक बाहेर, आडोशाला ठेवावी. नळीच्या तोंडाला चिकटपट्टीचा तुकडा पावसापुरता पुरतो आणि बार उडताना आधी दाबलेली हवा तो फाडते, गोळीला तो लागत नाही. गाडीत ठेवताना प्रायमर काढलेला असलाच पाहिजे. चाप ओढून बार उडाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून पूर्ण एक मिनिट थांबायचं, मग प्रायमर बदलायचा.

संध्याकाळी भरलेली बंदूक रिकामी करायची असेल तर आधी प्रायमर काढा, मग ब्रीच प्लग, मग दारू खाली झटकून गोळी तोंडाकडून गजाने मागे ढकला. ती गोळी पुन्हा वापरू नये, आट्यांच्या खुणा तिच्यावर आधीच उमटलेल्या असतात. ट्रिपल सेव्हनचा कीट नळी गंजवतो, त्यामुळे बार काढला असेल तर त्याच रात्री कोमट पाणी, साबण, चिंध्या कोरड्या निघेपर्यंत पुसणं, मग हलकं तेल. ब्रीच प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावून तो हातानेच घट्ट बसेल एवढाच आवळावा.